खुंटीवरचा पट्टा

१

गुरुनाथ वर्टीकर झऱ्याच्या काठाला मेलेला सापडला तेव्हा त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. टोपी तेवढी वाहत जाऊन पाणगवतात अडकली होती. छातीपर्यंतची रबरी विजार अंगात होती, आणि ती पाण्याने अशी भरली होती की त्याला उचलायला तीन माणसं लागली.

पाण्यात उतरून मासे धरणारे लोक ही विजार घालतात आणि तिच्यावरून कमरेला एक रुंद पट्टा करकचून आवळतात. माणूस पडलाच, तर पट्टा पाणी अडवतो. पट्टा नसला की विजारीची बादली होते आणि बादली माणसाला खाली ओढते. गुरुनाथ प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी सांगायचा, आधी पट्टा, मग पाणी. वीस वर्षांत त्याने स्वतः हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्या शनिवारी मात्र त्याचा पट्टा केबिनच्या दाराशी, खुंटीवर, धुतलेल्या पंच्यासारखा नीट अडकवलेला होता.

डेप्युटी शेरीफने लिहिलं, वय एकाहत्तर, हातांना कंप, पाय घसरला, अपघात. वही मिटली, आणि टोपी काढून उभा राहिला, तेही मनापासून. सोमवारी इलिनॉयमधल्या त्यांच्या गावी, शॉमबर्गला, दहन झालं. मंगळवारी शुभावहिनींनी श्रीरंग मोघेला फोन करून बोलावून घेतलं आणि हॉलमध्ये बसलेल्या बायकांना ओलांडून थेट स्वयंपाकघरात नेलं.

आता हा श्रीरंग कोण, ते सांगायला हवं. वय त्र्याहत्तर. बत्तीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे हे तपासायची नोकरी केलेली, आणि त्याच बत्तीस वर्षांत माशांबद्दल स्वतः एकही खरं वाक्य न बोललेला. विस्कॉन्सिनच्या झऱ्यात एका ट्राउटने आपला चष्मा गिळला, दोन वर्षांनी तोच मासा पुन्हा गळाला लागला, पोटात चष्मा शाबूत होता, आणि घातल्यावर पहिल्यापेक्षा बरं दिसायला लागलं, हे त्याने मंडळाच्या स्टेजवरून सांगितलेलं आहे. गुरुनाथ मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनियर. खिशात टेप ठेवणारा. पोटाने श्रीरंगपेक्षा दोन बोटं पुढे आणि बोलण्याने दहा पावलं मागे. श्रीरंगचा मासा संपला की तो शांतपणे म्हणायचा, “भागिले दोन.” आणि सगळे हसायचे. वीस वर्षं असंच चाललं होतं. आता भागायला कोणी उरलं नव्हतं.

वहिनींनी ओट्याला टेकून, आवाज न चढवता सांगितलं. पट्ट्याचं सगळ्यांना माहीत होतं. पण त्या सकाळी गुरुनाथने देवांगला, म्हणजे ज्याची केबिन त्याला, गावात ब्रेड आणि बर्फ आणायला पाठवलं आणि सावकाश ये, घाई नाही, असं दोनदा सांगितलं. आणि फ्लायची पेटी कुठेच नव्हती. पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून हुकावर बांधलेल्या त्या खोट्या माश्या गुरुनाथने वीस हिवाळे बसून स्वतः बांधल्या होत्या. त्यांची लाकडी पेटी तो झोपतानासुद्धा नजरेआड करत नसे. ती अंगावर नव्हती, केबिनमध्ये नव्हती, घरी नव्हती.

“जायचं ठरवलेली माणसं आवडत्या वस्तू वाटून टाकतात,” वहिनी म्हणाल्या. “मार्चमध्ये पार्किन्सन्स निघाला तेव्हा म्हणाले होते, तुझ्यावर ओझं नाही होणार. मी म्हटलं, भाजी निवडा आधी.”

त्यांनी टपकणारा नळ घट्ट पिळला.

“भावोजी, मला एवढंच शोधून द्या. पाय घसरून गेले, की ठरवून? सगळ्यांच्या सुट्टीसाठी तेरावं या रविवारीच करतोय. मला न सांगता, ठरवून सोडून गेले असतील, तर मी त्यांच्या नावाचं गोड करणार नाही. पानावर बसणारसुद्धा नाही. आश्लेषा काय म्हणायचं ते म्हणू दे.”

श्रीरंग उठला. दारापर्यंत गेल्यावर मागून त्या म्हणाल्या, “आणि या वेळी भागिले दोन करायची वेळ आणू नका.”

२

शॉमबर्गहून साडेतीन तास. इलिनॉयची सपाट मक्याची शेतं संपतात, चुनखडीच्या टेकड्या लागतात, आणि त्यांच्या पायथ्याशी जमिनीतून पाणी नुसतं उमलून वर येतं. हा झरा बाकीच्या नद्यांसारखा नाही. पावसाने गढुळत नाही, उन्हाने तापत नाही. जुलैत पाय सुन्न करतो आणि जानेवारीत बर्फाच्या मधोमध वाफा सोडत वाहतो. तळाची हिरवी शेवाळं वाऱ्यावर केस हलावेत तशी हलतात आणि त्यांच्यातला प्रत्येक खडा दिसतो. मध्यावर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा बुटका बांध आहे. बांधाच्या वर थंड पाण्यात ट्राउट. खाली पाणी पसरतं, कोमट होतं, आणि तिथे चब नावाचा साधा, रुपेरी, मोठ्या खवल्यांचा मासा. बांध ओलांडून चब वर जात नाही, आणि कोमट पाण्यात ट्राउट राहत नाही.

देवांग केबिनच्या पायरीवर बसला होता. साठीचा, वाळक्या शेंगेसारखा, चार दिवसांत दाढी न केलेला. शुक्रवारी गुरुनाथला त्यानेच गाडीतून आणलं होतं, कारण गुरुनाथच्या गाडीची किल्ली आश्लेषाने, त्याच्या मुलीने, मे महिन्यातच काढून घेतली होती. शनिवारी साडेआठला देवांग गावात गेला, अकराला परत आला, आणि मग जे दिसलं ते त्याने पुन्हा सांगितलं. गुरुनाथ वरच्या डोहाच्या काठाला होता, कमरेपासून खाली पाण्यात, वरचा भाग पाणगवतावर.

“म्हणजे बाहेर यायचा प्रयत्न केला असणार,” श्रीरंग म्हणाला.

“तेच मी वहिनींना सांगतोय यार. ऐकत नाहीत.”

श्रीरंगने खुंटीवरचा पट्टा काढला. रुंद, काळा, लवचीक, पुढे प्लॅस्टिकची क्लिप. कमरेभोवती घेतला. क्लिपची दोन टोकं चांगली वीतभर एकमेकांपासून लांब राहिली. श्वास आत ओढून पाहिला. वीत ती वीतच.

“पोट कमी कर,” देवांग म्हणाला. चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला असावा, आणि लगेच त्याला त्याची लाज वाटली.

श्रीरंगने पट्टा होता तसा अडकवला. शेजारच्या खुंटीवर केबिनची जादाची, सगळ्या पाहुण्यांची जुनी विजार लोंबत होती. तिचा पट्टा दोन वर्षांपूर्वीच उंदरांनी खाल्लेला. पडवीत गुरुनाथची गळाची काठी भिंतीला टेकवलेली होती. डेप्युटीनेच ती डोहाच्या काठावरून उचलून आणून ठेवली होती. श्रीरंगने टोकाचा केसासारखा बारीक दोरा बोटांत धरला आणि उजेडाकडे वळला. दोऱ्याला खोटी माशी अजून होती. तिळाएवढी. काळं अंग, पांढरे पंख. हुकाचा काटा चिमट्याने दाबून टाकलेला, म्हणजे मासा सोडताना त्याला जखम होऊ नये. ही गुरुनाथचीच पद्धत.

त्याने खिशातून भिंग काढलं आणि गाठ बघितली. सहा वेढे, एकाला एक लागून, शेपूट अगदी मुळाशी कापलेलं.

श्रीरंग पडवीत खालीच बसला. मार्चपासून गुरुनाथला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. उन्हाळाभर त्याची प्रत्येक माशी श्रीरंगने बांधून दिली होती, आणि शेवटच्या खेपेला दोघं आले होते त्याला सहा आठवडे झाले होते.

“देवांग, ही तू बांधलीस?”

देवांगने भिंग न घेताच नकारार्थी मान हलवली. “मी खाली काठावर बसून गांडूळ लावतो. मला पाण्याची भीती वाटते, तुला माहीत आहे. आणि सुईत दोरा ओवायला मला शेजारणीला बोलवावं लागतं.”

म्हणजे शनिवारी सकाळी या झऱ्यावर तिसरं कोणीतरी होतं.

३

देवांगला ते ऐकून धक्का बसला, की त्याने तसं दाखवलं, हे श्रीरंगला लगेच ठरवता येईना. कारण गेल्या गणपतीपासून त्याचं आणि गुरुनाथचं बिनसलं होतं. गुरुनाथला येईल त्याला मासेमारी शिकवायची हौस, आणि देवांगला एकही नवा माणूस झऱ्यावर नको. केबिन माझी आहे, धर्मशाळा नाही, असं तो चारचौघांत बोलला होता. आता तेच वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं. त्याने शपथेवर सांगितलं की शनिवारी गावात जाताना आणि येताना वाटेत कोणी दिसलं नाही. मग थांबून म्हणाला, येताना टेकडीच्या माथ्यावर एक करडी गाडी समोरून गेली होती, पण त्या रस्त्यावर शेतकऱ्यांच्या गाड्या असतातच.

आश्लेषा बुधवारी संध्याकाळी भेटली, तिच्या हॉस्पिटलच्या खाली, पार्किंगमध्ये. ती तिथे फार्मासिस्ट. इथेच जन्मलेली, मराठी समजणारी, रागावली की इंग्रजीत जाणारी. गाडीची किल्ली काढून घेतली म्हणून वडील तिच्याशी दोन महिने नीट बोलले नव्हते.

“आय टूक हिज कीज, काका. आय टूक हिज होल लाइफ,” ती म्हणाली, आणि मग मराठीत, एखाद्या चुकलेल्या मुलीसारखं, “शुक्रवारी फोन केला होता बाबांनी. खूप हॅपी वाटले. म्हणाले, आता मला माझ्या हातांची गरज नाही. हू सेज दॅट?”

तिने शवविच्छेदनाचा रिपोर्ट दोनदा वाचला होता. फुप्फुसात पाणी जवळजवळ नव्हतं. थंड पाण्यात पडताक्षणी हृदय थांबलं होतं. ती हे औषधाच्या चिठ्ठीसारखं घडाघडा बोलली आणि गाडीत जाऊन बसली. काच खाली करून तिने विचारलं की आईला ही हातांची गोष्ट सांगू का. श्रीरंग म्हणाला, रविवारपर्यंत थांब.

शॉमबर्गला परतताना त्याने विम्यातली जुनी सवय काढली. कागद, बाण, नावं असलं काही नाही, नुसतं स्वतःशी मोठ्याने बोलणं. ज्याला हातांची गरज उरली नाही तो एक तर जगायचं सोडतो, नाही तर त्याला दुसऱ्याचे हात मिळतात. सहा वेढ्यांची गाठ मारणारे हात. तरुण हात. पण मग त्या हातांचा मालक चार दिवस गप्प का?

आणि गप्प असेल तर तो कुठे लपला असेल, या प्रश्नाचं उत्तर श्रीरंगला ठाऊक होतं. बत्तीस वर्षांत त्याने पाहिलं होतं की आग लावणारा माणूस आग विझवायला सगळ्यात आधी बादली घेऊन येतो. असा माणूस त्या घरी रोज येत असणार.

४

गुरुवारी श्रीरंग दुपारीच वर्टीकरांच्या घरी जाऊन बसला, एका कोपऱ्यात, कोण येतं कोण जातं ते बघत. कोणी पोळ्या आणून ठेवत होतं, कोणी फुलं. एक जण मात्र आल्यापासून एकदाही बसला नव्हता. त्याने कचरा बाहेर नेला, चहाचे कप विसळले, गॅरेजमधून खुर्च्या आणल्या. यतीन वासेकर. नागपूरचा, छत्तिशीचा, सॉफ्टवेअरवाला, मागच्या वर्षी इथे बदलून आलेला. अंगाने काडी. वहिनी म्हणाल्या, “रविवारपासून रोज येतो बिचारा. जेव म्हटलं तर जेवत नाही.”

श्रीरंग गॅरेजमध्ये गेला आणि त्याला खुर्च्या घड्या करायला मदत करू लागला. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की गुरुनाथने तुला कधी झऱ्यावर नेलं होतं का.

“एकदाच, काका. महिना झाला असेल. संध्याकाळी. बांधाच्या खाली, तिथे चब असतात ना.”

“लागला का काही?”

“एक. छोटासा होता.”

असं म्हणताना यतीनचे दोन्ही हात आपोआप लांब झाले, चांगले दीड फूट, आणि मग कोणीतरी आठवण केल्यासारखे एकमेकांजवळ येऊन वितीवर थांबले.

श्रीरंगने खुर्ची खाली ठेवली. माशांबद्दल खोटं बोलण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि त्या सगळ्या आयुष्यात त्याने एकाही माणसाला पहिला मासा लहान करून सांगताना ऐकलं नव्हतं. पहिला मासा वाढतो. सांगणाऱ्याच्या लग्नापर्यंत वाढत राहतो.

“दिसायला कसा होता रे? पहिला मासा माणूस विसरत नाही.”

यतीनचा चेहरा उजळला. त्याला ते आवरलं नाही. “सुंदर होता, काका. लोण्यासारखा पिवळा. अंगावर लाल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळं कडं. जसं कोणी बसून रंगवलं असेल.”

“आणि माश्या? संध्याकाळी फार त्रास देतात तिथे.”

“नाही, चावत नव्हत्या. बारक्या, तिळासारख्या काळ्या, पांढऱ्या पंखांच्या. थव्याने वरून पाण्यावर पडून राहिल्या होत्या, बर्फ पडल्यासारख्या. माझ्या चहातही पडल्या. काका म्हणाले, पिऊन टाक, प्रोटीन आहे.”

तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले.

श्रीरंगने गॅरेजचं दार ओढून घेतलं. बाहेर कोणाच्या तरी मुलांचा बास्केटबॉल आपटत होता. या क्षणी त्याला अचानक आठवलं की मागच्या वर्षी गुरुनाथने हाच काळा पट्टा त्याला एका दिवसासाठी उसना दिला होता, आणि तो त्याच्या पोटावरून दोन बोटं सैल घसरत होता. वर्षभरात श्रीरंगचं पोट वीतभर वाढलेलं नव्हतं. पट्टाच आवळलेला होता.

“यतीन,” तो म्हणाला, “तुझी कंबर किती?”

५

यतीनच्या हातातली खुर्ची पडली नाही. त्याने ती हळूच भिंतीला टेकवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“तीस,” तो म्हणाला.

“मला नको सांगूस काही. आत चल. ज्यांना विचारायचा हक्क आहे त्यांना सांग.”

बाहेरचे लोक गेले होते. आतल्या खोलीत वहिनी होत्या, आश्लेषा ड्यूटीवरून आली होती, आणि देवांग श्रीरंगच्या सकाळच्या निरोपावरून तो पट्टा घेऊन आला होता. श्रीरंगने पट्टा टीपॉयवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गोष्ट शक्य तितकी छोटी केली.

“वहिनी, हा पट्टा गुरुनाथचा आहे, पण शनिवारी सकाळी तो त्याच्या कमरेला नव्हता आणि खुंटीवरही नव्हता. तो तीस इंच कमरेच्या माणसाने घातला होता. गुरुनाथ त्याची लांबी कधी बदलत नसे, नुसती क्लिप उघडायचा. देवांग पाण्यात उतरत नाही, त्याच्याकडे विजारच नाही. काठीच्या दोऱ्याला जी गाठ होती, ती कापऱ्या हाताची नाही आणि देवांगच्या डोळ्यांचीही नाही.” मग तो यतीनकडे न बघता म्हणाला, “यतीन सांगतो की तो एकदाच, संध्याकाळी, बांधाच्या खाली गेला होता आणि त्याला चब मिळाला. चबच्या अंगावर ठिपके नसतात, यतीन. लाल ठिपके, निळं कडं, तो ट्राउट. ट्राउट बांधाच्या वरच असतो, त्या डोहात. आणि पांढऱ्या पंखांच्या त्या माश्या संध्याकाळी पडत नाहीत. सप्टेंबरात सकाळी नऊ ते साडेदहा, ऊन अंगाला लागलं की पडतात. त्या काठीला बांधलेली खोटी माशी तीच होती.”

यतीन उठून बाहेर गेला. आश्लेषा त्याला थांबवायला उठली, पण श्रीरंगने नको म्हणून हात केला. गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात लाकडी पेटी होती. ती त्याने वहिनींच्या पुढ्यात ठेवली आणि तो जमिनीवरच बसला.

ऑगस्टमध्ये त्याची नोकरी गेली होती. अशा वेळी व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाही तर गाशा गुंडाळायचा. त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जायचा. तिथे गुरुनाथकाका पेपर वाचायला यायचे. त्यांनी दोन दिवसांत ओळखलं, आणि कोणाला न बोलता म्हणाले, चल, तुला दुसरी काही तरी काळजी देतो. लायब्ररीतल्या टेबलावर त्यांनी त्याला गाठी शिकवल्या. त्यांचे हात चालत नव्हते, म्हणून ते सांगायचे आणि तो बांधायचा. पेटी त्याच्याकडेच असायची, कारण बांधणारा तो. शनिवारी देवांगकाकांना गावात पाठवायचं आणि तेवढ्या वेळात त्याने झऱ्यावर यायचं, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, देवांगकाका नव्या माणसावर चिडतात म्हणून.

देवांगने तोंडावर हात ठेवला.

“केबिनच्या विजारीला पट्टा नव्हता,” यतीन म्हणाला. “मी म्हटलं, राहू द्या काका, गुडघ्याएवढं तर पाणी आहे. ते म्हणाले, आधी पट्टा, मग पाणी. त्यांचा काढून त्यांनी माझ्या कमरेला आवळला. म्हणाले, मी आज काठावरूनच बघणार आहे. आणि खरंच ते काठावर होते, काकू. तासभर. मग तो मासा लागला.”

वहिनी म्हणाल्या, “पुढे सांग.”

“मला सुधरेना. मासा शेवाळात घुसून राहिला होता. काका जाळी घेऊन खाली आले. मी म्हटलं, पट्टा नाही तुम्हाला. त्यांनी ऐकलंच नाही. पाण्यात बघत होते. म्हणाले, एकोणीस इंच, यतीन, एकोणीस. आणि मग, दोर सैल सोडू नकोस. असं म्हणताना त्यांचा पाय घसरला. दोर सैल सोडू नकोस, इतकंच. मी काठी फेकली.”

काका पडले तिथे डोह खोल होता; यतीन त्यांच्यामागे गेला आणि पट्ट्याने तरंगत राहिला. त्याने काकांना कॉलर धरून काठापर्यंत ओढलं, पण भरलेली विजार त्याला उचलेना. कमरेपर्यंत बाहेर काढून छाती दाबत राहिला, किती वेळ ते माहीत नाही. फोनला रेंज नव्हती. तो केबिनकडे पळाला, ओल्या अंगाने विजार उतरवली, आणि पट्टा काढून खुंटीवर अडकवला. का, ते त्याला आजही सांगता येत नव्हतं. वस्तू उसनी घेतली की जागेवर ठेवायची, एवढंच हातांना माहीत होतं. टेकडीच्या माथ्यावर रेंज आली. त्याने मदतीचा नऊ-एक-एक हा नंबर लावायला घेतला, नऊ दाबला, एक दाबला, आणि समोरून देवांगकाकांची गाडी उतरताना दिसली.

“माझ्याकडे मासेमारीचं लायसन्स नव्हतं, काकू. फोनवर काढणार होतो, पण खाली रेंज नव्हती. मला वाटलं, पोलीस येतील, नाव लिहितील, विनालायसन्स, आणि माझे एकोणतीस दिवस उरले आहेत. देवांगकाका दोन मिनिटांत पोहोचतील. दुसरा एक मी दाबलाच नाही.”

श्रीरंगने डोळे मिटले. विनालायसन्स मासे धरल्याचा त्या राज्यात दंड होतो, गाडी चुकीच्या जागी लावल्याचा होतो तसा. एवढ्या एका चिठ्ठीच्या भीतीने हा पोरगा पाच दिवस त्या घरचे कप विसळत होता, आणि खुंटीवर नीटनेटका अडकवलेला एक पट्टा एका बाईला सांगत होता की तुझा नवरा तुला सोडून गेला.

आश्लेषा यतीनच्या समोर जमिनीवर बसली. “ही वॉज गॉन बिफोर यू रीच्ड हिम,” ती म्हणाली. ते सांगायची तिची इच्छा नव्हती, हे तिच्या आवाजातच कळत होतं. “रिपोर्टमध्ये आहे. तू काही करू शकला नसतास. पण कॉल करायला हवा होतास. माय मॉम थॉट...”

“आशू, राहू दे,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पेटी उघडली. आत कप्प्याकप्प्यांत वीस हिवाळे बसले होते. एक कप्पा रिकामा होता, तिळाएवढ्या माशीचा.

“म्हणजे शेवटी मासाच,” त्या म्हणाल्या. “मी नव्हते, आजार नव्हता, कोणी नव्हतं. मासा.” आणि त्यांना हसू आलं, मग तेच हसू मोडलं आणि दहनालाही न रडलेली ती बाई पेटीवर वाकून रडली. यतीन उठू लागला तेव्हा त्यांनी मान वर न करता त्याचा शर्ट धरून ठेवला.

६

शुक्रवारी सकाळी श्रीरंगच्या गाडीतून यतीन शेरीफच्या ऑफिसला गेला. ही वहिनींची अट होती. त्या म्हणाल्या होत्या, तू आधी तिथे जाऊन दुसरा एक दाब, मग रविवारी माझ्याकडे जेवायला ये. डेप्युटीने सगळं पुन्हा लिहून घेतलं आणि शेवटी खरोखरच दंडाची एक चिठ्ठी फाडून दिली. परतीच्या वाटेवर यतीनने ती साडेतीन तास हातात धरली होती. व्हिसाचं पुढे काय होणार हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं, आणि श्रीरंगनेही त्याला खोटा धीर दिला नाही. फक्त बायकोला फोन करायला लावला आणि तेवढा वेळ स्वतः गाडीबाहेर उभा राहिला.

रविवारी तेराव्याला श्रीखंड होतं. वहिनी पानावर बसल्या. यतीन त्यांच्या डाव्या हाताला बसला आणि पहिल्यांदा त्या घरात जेवला. देवांगने उठून चारचौघांत सांगितलं की केबिनच्या जादाच्या विजारीला त्याने दोन नवे पट्टे आणले आहेत, आणि ज्याला शिकायचं असेल त्याने फोन करावा. मग तो पटकन खाली बसला.

जेवणं झाल्यावर कोणीतरी श्रीरंगला म्हणालं की गुरुनाथचा शेवटचा मासा सांग. मंडळी सरसावून बसली. वीस वर्षांची सवय. श्रीरंग उभा राहिला. चष्मा पुसला. एखादं शेपूट, एखादी झुंज, तळाशी पडलेलं एखादं बुडालेलं जहाज, सगळं त्याच्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

“एकोणीस इंच,” तो म्हणाला. “लाल ठिपके. निसटला.” आणि खाली बसला.

मागच्या रांगेतून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “म्हणजे साडेनऊ,” आणि दोन-तीन जण ओलसर हसले.

श्रीरंगने मान वळवली नाही. त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या हसल्या नव्हत्या. पदराच्या टोकाने डोळे टिपून त्यांनी, एकट्या त्याला दिसेल एवढीच, मान डोलावली. पूर्ण एकोणीस.